अपडेट गुरुजी

आमच्या नेरला ‘परसोपंत’ जोडावं लागतं, कारण एक नेर धुळ्याकडे आहे आणि एक जालन्याकडे. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरचं, कपाशी-तुरीचं, तहसील कचेरीचं ते आमचं. गुरुजींच्या कॉम्प्युटरला हा फरक ठाऊक होता. पण मागच्या पावसाळ्यात त्यांनी हवामानाची नवी आवृत्ती टाकली आणि त्या दिवसापासून तो धुळ्याच्या नेरचं आभाळ दाखवू लागला. गुरुजी छत्री घरी ठेवून बाजारात गेले, चिंब होऊन परतले आणि डोकं पुसता पुसता म्हणाले, ‘‘जुनीपेक्षा ही फार अचूक आहे. तिकडं खरंच ऊन असेल.’’

असा गुरुजी प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी सापडतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, पेन्शन चालू, मुलगा पुण्यात, आणि मुलानं नवा घेतल्यावर गावी पाठवून दिलेला जुना कॉम्प्युटर बैठकीत. मुलानं तो गेम खेळायला घेतला होता, म्हणून त्यात वेगळं ग्राफिक्स कार्डही आहे. गुरुजी कसलाच गेम खेळत नाहीत. अपडेट करणं हाच त्यांचा खेळ. चालू असलेली वस्तू चालू ठेवण्यात त्यांना रस नाही. ती कालच्यापेक्षा नवी असली पाहिजे. फोन, टीव्ही, गॅसची शेगडी, बीपीची गोळी, सगळ्यांत ताजं काय आलंय ते त्यांना माहीत असतं. बीपीच्या गोळीपुरतं डॉक्टरांनी त्यांना दमात घेतलंय, म्हणून ती तेवढी जुनीच चालू आहे.

हे त्यांच्या रक्तातच असावं. १९७० साली सुरतेहून एच-४ हे संकरित कापसाचं वाण निघालं, जगातला पहिला संकरित कापूस. ते नेरच्या बाजूला पोचल्याबरोबर आपल्या वडिलांनी घरचं देशी बियाणं मोडून टाकलं, असं गुरुजी अभिमानानं सांगतात. २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली तेव्हा गुरुजी स्वतः रांगेत उभे होते. पुढं दर हंगामाला नवं पाकीट, नवं नाव, पाकिटावर नवं बोंड. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं त्याच बीटीची बोंडं पोखरली. विदर्भ हळहळला, गुरुजींचंही शेत गेलं, तरी त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता: ‘‘अळी अपडेट झाली, आपण नाही झालो.’’ सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी सक्तीची झाली तेव्हा बाकीचे मास्तर मुदतवाढीचे अर्ज लिहीत बसले होते आणि आमचे गुरुजी पहिल्या बाकावर बसून सरांना विचारत होते, ‘‘हे विंडोज तर जुनं झालं ना?’’

तर गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. धाकट्या मुलीचं लग्न अक्षय तृतीयेला झालं, दारव्ह्याला दिली. शूटिंगवाल्यानं महिनाभरानं पेनड्राइव्ह दिला. घरच्यांनी तो एका रविवारी अथपासून इतिपर्यंत पाहिला, कुठं काही अडलं नाही. पुढच्या रविवारी व्याही मंडळी जेवायला यायची होती. आमरस आणि सरगुंडे असा बेत. आदल्या रात्री सगळे झोपल्यावर गुरुजींच्या मनात आलं, की पाहुण्यांना चित्र आणखी स्वच्छ दिसावं. स्वच्छ दिसतच होतं. पण कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली आणि ‘तुमच्या ग्राफिक्स कार्डासाठी नवा ड्रायव्हर आला आहे’ म्हणाली. एवढं आर्जव गुरुजींकडे घरात दुसरं कोणी करत नाही. अर्ध्या जीबीच्या वरची फाइल. मोबाइलच्या नेटवर उतरवता उतरवता मध्यरात्र उलटून गेली.

दुपारी जेवणं झाली. कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. व्याही, विहीणबाई, गल्लीतले आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर. सीमंतपूजन झालं, वरात झाली, अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला. कॅमेरा नवरदेवाच्या वडिलांवर आला. ते उकाड्यानं आणि जागरणानं बेजार झालेले, त्यांनी जांभई द्यायला तोंड उघडलं, आणि चित्र तिथंच थिजलं.

आवाज मात्र चालू. मंगलाष्टकं एकामागून एक. सावधान! टाळ्या, बँड, फटाके, मग माइकवर आहेराची नावं, अमक्या पाटलांकडून एकशे एक रुपये, तमक्या मामांकडून पितळी समई. टीव्हीवर व्याहीबुवांची जांभई जशीच्या तशी, त्यातली सोन्याची दाढसुद्धा स्पष्ट. चित्र स्वच्छ दिसावं ही गुरुजींची इच्छा तेवढी पूर्ण झाली होती. मध्येच पडदा काळा होई, आम्ही ‘आलं, आलं’ म्हणून सरसावत असू, की पुन्हा तीच जांभई. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत नव्हत्या.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे कॉम्प्युटर बिघडला की औषध सांगायला कोणाला कॉम्प्युटर यावा लागत नाही. एक जण म्हणाला व्होल्टेज कमी आहे. दुसरा म्हणाला नेट स्लो आहे. पेनड्राइव्हला नेट कशाला लागतं हे त्याला कोणी विचारलं नाही. तिसऱ्यानं ‘व्हायरस’ एवढाच शब्द उच्चारला आणि तो गप्प झाला. चौथ्याचा भाचा अमरावतीला इंजिनीअरिंगला आहे, म्हणून त्यानं अधिकारानं सांगितलं, की रॅम काढून तिचे पाय खोडरबरनं घासायचे. हा उपाय अगदीच खोटा नाही. कधी कधी ते पाय काळवंडतात आणि मशीन चालूच होत नाही, तेव्हा लागू पडतो. इथं मशीन धडधडीत चालू होतं. पण खोडरबर म्हटल्यावर निवृत्त शिक्षक थांबतो होय? गुरुजींनी कपाटातून नवं कोरं खोडरबर काढलं, रॅम घासली, फुंकली, बसवली. व्याहीबुवांचं तोंड उघडंच.

गुरुजींची स्वतःची हत्यारंही होती. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. पडदा लुकलुकतो, टुंग असा आवाज येतो. ही युक्ती खरी आहे. गुरुजी ती दर मिनिटाला करू लागले. मग त्यांनी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. कॉम्प्युटरच्या पोटात काय काय चुकलं याची ती वही; धडधाकट कॉम्प्युटरमध्येसुद्धा ती शाळा तपासणीच्या अहवालासारखी लाल शेऱ्यांनी भरलेली असते. गुरुजींना हे माहीत नव्हतं. ते एकेक शेरा मोठ्यानं वाचू लागले. पंखा नीट, प्रिंटर नीट, तरी प्रत्येकाविरुद्ध तक्रार. त्यातच ‘डिस्प्ले ४१०१’ असा नोंदक्रमांक होता, ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं आणि तो सावरला, अशा अर्थाचा. सगळ्या वहीत कामाची नोंद हीच. गुरुजींनी ती वाचली, मान हलवली आणि पुढच्या शेऱ्याकडे वळले.

शेवटी बाईंनी स्वयंपाकघरातून फर्मान सोडलं, ‘‘अजी, त्या दुकानातल्या पोट्ट्याले बोलवा. आन् रात्री दोन वाजेपर्यंत काय करत होते तेबी सांगा त्याले.’’

हा पोट्टा बसस्थानकाकडे दुकान चालवतो. सातबारा, पीकविमा, आधारच्या झेरॉक्स, पीएम किसानची केवायसी. त्याचा धर्म गुरुजींच्या बरोबर उलटा. त्याच्या मॉनिटरवर मार्करनं लिहिलंय: ‘हात लावू नये’. आत अजून विंडोज ७ आहे, ज्याची देखभाल मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला बंद केली. हेही काही शहाणपण नव्हे, हे इथं सांगून ठेवतो. ज्या मशीनवर अर्ध्या तालुक्याचे आधार उघडतात त्याला सुरक्षेची डागडुजी नको, असं म्हणणारा माणूस गुरुजींइतकाच हट्टी. पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरपुरता तो हुशार आहे.

तो आला, पाणी प्याला, व्याहीबुवांच्या जांभईकडे एकदा आणि प्रत्यक्ष व्याहीबुवांकडे एकदा पाहून घेतलं आणि खाली बसला.

‘‘गुरुजी, हेच लगन मागच्या इतवारी पायलं ना तुम्ही?’’

‘‘पाहिलं की. पूर्ण.’’

‘‘मंग तवापासून काय बदललं?’’

‘‘काहीच नाही,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘फक्त अपडेट केलं.’’

पोट्ट्यानं खोडरबराकडे पाहिलं. काही बोलला नाही.

नंतर त्यानं मला सावकाश समजावलं ते असं. व्हिडिओच्या फाइलीत सेकंदाला पंचवीस चित्रं असली तरी ती सगळी पूर्ण साठवलेली नसतात. एखादंच पूर्ण; पुढच्या बऱ्याच चित्रांत मागच्यापेक्षा काय हललं तेवढंच. ते उलगडून पुन्हा अख्खं चित्र उभं करण्याचं काम प्रोसेसर करू शकतो, पण आजकालचे प्लेअर ते ग्राफिक्स कार्डावर सोपवतात. आवाज मात्र प्रोसेसरकडेच राहतो. कार्ड आणि विंडोज यांचं बोलणं ड्रायव्हरमार्फत चालतं. त्यानं घोळ घातला की चित्र थांबतं आणि मंगलाष्टकं पुढं जातात. विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हरला पाडून पुन्हा उभा करते. व्हिस्टापासून ही व्यवस्था आहे. पडदा मधून मधून काळा होत होता तो यामुळंच.

खात्री करायला त्यानं प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअर डिकोडिंग बंद केलं. व्याहीबुवांचं तोंड मिटलं. सतरंजीवरून सुटकेचा उसासा निघाला, सगळ्यांत मोठा खुद्द व्याहीबुवांचा. जुन्या प्रोसेसरवर सगळा भार आल्यानं पंखा पिठाच्या गिरणीएवढ्या आवाजात फिरू लागला आणि चित्र अडखळत का होईना चाललं. रोग सापडला होता. आता औषध.

‘‘ड्रायव्हर मागं न्या लागते,’’ पोट्टा म्हणाला.

इथं गुरुजी उठून उभे राहिले. शाळा, शेत, राजकारण, कुठंच हा माणूस मागे गेलेला नाही. ‘‘मागे?’’ ते म्हणाले, ‘‘कंपनीनं शेकडो इंजिनीअर बसवून पुढचं काढलं, आणि आपण मागे?’’

पोट्टा रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून गेम खेळतो. या क्षेत्राचा इतिहास त्याला पाठ. ‘‘गुरुजी, मार्च २०१० मंधी एनव्हिडियानं १९६.७५ नावाचा ड्रायव्हर काढला. काही जणांच्या कार्डाचे पंखेच बरोबर फिरनात, कार्डं तापाले लागले. कंपनीनं सोता थो मागं घेतला आन् लोकाईले म्हने जुनाच टाका. कंपनी मागं जाते, तुम्ही काहून नाई?’’

गुरुजी बसले. ‘‘पण तो नवा काढण्यासाठीच मागे गेले ना?’’ एवढं पुटपुटले.

डिव्हाइस मॅनेजर उघडला, डिस्प्ले अॅडॅप्टर्समधल्या कार्डावर टिचकी मारली, ड्रायव्हरचं पान काढलं. ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण तिथं होतं, पण फिकट, न दबणारं. जुना ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये कुठं शिल्लक असेल तरच ते दबतं. गुरुजींनी रात्री नवा टाकताना ‘क्लीन इन्स्टॉल’ला खूण केली होती आणि वर डिस्क साफ करणारा एक प्रोग्रॅम चालवून जुन्याचा मागमूसही उरू दिला नव्हता.

‘‘स्वच्छतेचा धडा मी तीस वर्षं शिकवला,’’ ते म्हणाले.

मग लांबचा रस्ता. आधी पोट्ट्याच्या दुकानातून जुना ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणला; त्याच्याकडे असे जुने ड्रायव्हर साठवलेले असतात, लोक पावसाळ्यासाठी कुरड्या भरून ठेवतात तेवढ्या निष्ठेनं. नेट काढून ठेवलं, नाहीतर इकडे आपण जुना टाकावा आणि तिकडून विंडोज गुपचूप नवा ओढून आणते. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या प्रोग्रॅमनं नव्याची मुळं उपटली. पडदा खरबरीत, चिन्हं थाळीएवढी. जुना निम्मा बसला आणि लाइट गेली. जूनमधली दुपार, लाइट जायचीच. व्याहीबुवा सतरंजीवरच आडवे झाले आणि त्यांनी ती जांभई प्रत्यक्ष दिली. सगळ्यांनी आदरानं दुसरीकडे पाहिलं.

लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. पाचच्या सुमाराला हार्डवेअर डिकोडिंग परत चालू करून लग्न लावलं, आणि ते सलग लागलं. अंतरपाट दूर झाला. कॅमेरा नवरदेवाच्या वडिलांवर आला, जांभई आली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच निघूनही गेली; इतकी छोटी, की विहीणबाईंनी ‘‘पुन्हा लावा ना जरा’’ म्हटलं.

पोट्ट्यानं ड्रायव्हरची अपडेटं थांबवून ठेवली, सुरक्षेची तेवढी चालू ठेवली आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक चिठ्ठी डकवली. गुरुजींनी ती चष्मा लावून वाचली, त्यातलं एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि खिशातून पाचशेची नोट काढली.

पोट्ट्यानं हात जोडले. ‘‘तुमच्याकून पैसे कायचे घेऊ गुरुजी? बँकवाल्या भाऊसायबाचा लॅपटॉप, सोनाराचा प्रिंटर, तुमच्या साडूचा टीव्ही... तुम्ही हात लावलेल्या चार वस्तू सध्या दुकानात पडून हायत.’’