मालधक्क्यावरचे संशोधन

मालगाडीच्या जुन्या वाघिणींचा शोध घेणे आणि त्यांच्या तळहातावर मावतील अशा हुबेहूब प्रतिकृती बनवणे हा एक गंभीर छंद आहे. गंभीर अशासाठी की तो करणारा हसत नाही. हसण्याचे काम घरचे आणि शेजारचे करतात. इंग्लंड-अमेरिकेत एकेका रेल्वे कंपनीच्या मालडब्यांवर जाडजूड ग्रंथ निघतात आणि ते विकलेही जातात. आपल्याकडे रेल्वेवेड्यांची वाण नाही, पण त्यांतले बहुतेक इंजिनावर जीव टाकतात आणि उरलेले राजधानी-शताब्दीवर. मालडब्यावर प्रेम करणारा रांगेत अगदी शेवटी. त्याच्या मागे फक्त ब्रेकव्हॅनवर प्रेम करणारा उरतो.

पालघर आणि बोईसर-तारापूर हा पट्टा या अभ्यासाला फार सोयीचा आहे. चर्चगेटहून पालघर ९१ किलोमीटर, बोईसर १०३. मुंबईहून गुजरात आणि दिल्लीकडे जाणारा हमरस्ता असल्यामुळे देशातली बहुतेक प्रकारची वाघीण कधी ना कधी इथून जाते. शिवाय मालगाडीला वाट देण्यासाठी आपली लोकल मुद्दाम अडवून ठेवतात, असा इथल्या प्रवाशांचा ठाम समज आहे. तो खरा असो वा नसो, निरीक्षणाला वेळ भरपूर मिळतो. असा थांबा पडला की डब्यातले काही जण घड्याळ पाहतात, काही जण रेल्वेचा सात पिढ्यांसकट उद्धार करतात आणि खिडकीशी एक जण तोंडातल्या तोंडात पुटपुटत असतो. तो स्तोत्र म्हणत नसतो, वाघिणी मोजत असतो. बॉक्सएन जातीच्या उघड्या वाघिणींचा भरगच्च रेक, म्हणजे जोडलेली अख्खी रांग, बहुधा अठ्ठावन्नांचा. अठ्ठावन्न भरल्या की त्याचा चेहरा उजळतो. सत्तावन्नावर गाडी संपली, तर त्या दिवशी त्याच्याशी कोणी पगारवाढीबद्दल बोलू नये.

विषयाची सुरुवात १८६४ पासून होते. त्या साली बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया म्हणजे बीबीसीआय कंपनीचा रूळ गुजरातेतून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला आणि वाटेत पालघर लागले. लागले म्हणण्यापेक्षा घडले म्हणणे जास्त बरोबर. तालुक्याचे नाव तेव्हा माहीम, कचेरी समुद्राकाठच्या केळवे-माहीमकडे. रूळ गेला आतल्या बाजूने, आणि यथावकाश कचेरी रुळामागे चालत आली. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर १८८२ साली छापला गेला. मालडब्याच्या संशोधकाला तो पोथीसारखा. इथून मुंबईला जाणाऱ्या मालात भात होता, लाकूड होते आणि गवत होते.

गवत म्हटल्यावर नवखा वाचक हसतो. पण त्या वेळची मुंबई घोड्यांवर आणि म्हशींवर चालत होती. १८७४ पासून ट्राम घोड्यांची, व्हिक्टोरिया तर घोड्यांचीच, आणि दूध तबेल्यातले. या सगळ्यांचे पोट भरायला उत्तर कोकणातल्या माळांवरचे गवत जाई. मुंबईचे पहिले इंधन पालघरचे गवत होते, असे विधान करण्याचा मोह मात्र संशोधकाने आवरावा. वसई-वाड्याची मंडळी हक्क सांगायला येतील.

हे गवत वाहणारी वाघीण चार चाकांची आणि लहानखुरी होती. त्या काळी व्यापाऱ्याला सुटी एक वाघीणही मिळे. तो मालधक्क्यावर मागणी नोंदवी, वाघिणीची वाट पाही, ती लागली की हमाल लावून भरी, वेळेत रिकामी वा भरती झाली नाही की डॅमरेज म्हणजे उशिराचा दंड भरी आणि बिल्टी खिशात घालून घरी जाई. साधारण १९८० नंतर रेल्वेने हा किरकोळीचा धंदा आवरता घेतला. आता घ्यायचा तर अख्खा रेक घ्या. गवताच्या व्यापाऱ्याने अख्खा रेक घेतला असता, तर तबेल्यातल्या म्हशींना त्याची परतफेड सात जन्म करावी लागली असती.

दरम्यान १९५१ साली बीबीसीआय जाऊन पश्चिम रेल्वे आली. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरच्या अंगाला एमआयडीसी पसरली, १९९५ च्या सुमारास डहाणूचे औष्णिक केंद्र सुरू होऊन कोळशाचे रेक येऊ लागले. गवत आणि कोळसा यांच्यामध्ये जे घडले त्याला शाळेच्या पुस्तकात औद्योगिकीकरण म्हणतात. छांदिष्टाच्या वहीत त्याची नोंद 'चार चाकांची आठ चाके झाली' एवढीच असते.

वाघिणींचे वर्गीकरण हा या शास्त्राचा कणा. बॉक्सएन या नावात बी म्हणजे बोगीवर चालणारी, ओ म्हणजे उघडी, एन म्हणजे एअर ब्रेकची. एक्सबद्दल विद्वानांत दोन पक्ष आहेत आणि दोघांना एका चहाच्या टेबलावर बसवू नये. सी असला की छप्पर आले, टी आला की टाकी. वाघिणीच्या अंगावर अकरा आकडी क्रमांक रंगवलेला असतो. त्यातले पहिले दोन आकडे जात सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन जन्मसाल. मग चार आकडी अनुक्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीच्या दहांवरून ठराविक हिशेबाने काढलेला, लिहिणाऱ्याची चूक पकडण्यासाठी. म्हणजे वाघिणीची जन्मपत्रिका तिच्या अंगावरच असते, आणि कित्येक माणसांच्या पत्रिकेपेक्षा ती भरवशाची असते. खरा छांदिष्ट आपल्या बोटभर वाघिणीवर हा क्रमांक लिहिताना शेवटचा आकडाही हिशेबाने काढतो. भिंगाशिवाय तो वाचता येत नाही आणि भिंग कोणी आणत नाही. पण चुकीचा आकडा लिहून त्याला झोप लागत नाही.

आजच्या वाघिणीचा अभ्यास सोपा, कारण ती समोर उभी असते. खरी अडचण मेलेल्या वाघिणीची. इंजिन निवृत्त झाले की त्याला हार घालून चौथऱ्यावर बसवतात. वाघीण निवृत्त झाली की भंगारात जाते आणि कदाचित बोईसरच्याच एखाद्या भट्टीतून सळई होऊन बाहेर पडते. ज्या इमारतीत छांदिष्ट राहतो तिच्याच स्लॅबमध्ये त्याच्या संशोधनाचा विषय गाडलेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

मग उरतात कागद, माणसे आणि फोटो. कागदांत आरेखने सर्वांत मोलाची, पण ती एक तर सरकारी कपाटात असतात किंवा वाळवीच्या पोटात. माणसांत निवृत्त टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारा, हा मोठा साक्षीदार. त्याला कोणत्या वाघिणीचा अ‍ॅक्सल कुठे तापला होता ते तारखेसह आठवते. व्हॅक्यूम ब्रेकवर तो सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बोलतो. 'वाघिणीचा रंग नेमका कोणता होता?' असे विचारले की मात्र तो पाहुण्याकडे करुणेने बघतो आणि म्हणतो, "मळका."

वर्तमानपत्रांचा उपयोग बेताचाच. २८ मे २०२४ ला संध्याकाळी पालघर स्थानकात मालगाडी घसरली. विशाखापट्टणमहून गुजरातेतल्या करंबेलीला पोलादी कॉइल घेऊन ती निघाली होती. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. गाड्या रद्द झाल्या, प्रवाशांचे हाल झाले, ते सगळे रीतसर छापून आले. छांदिष्टाचा प्रश्न एकच होता, वाघिणी कोणत्या जातीच्या? बातमीत फक्त 'डबे' असे लिहितात. बसचा अपघात झाला की तिच्या आगाराचे नाव देतात, मग वाघिणीनेच काय घोडे मारले?

राहता राहिले फोटो. जुन्या काळी फोटो काढणे खर्चाचे काम होते. मालडब्यावर कोण फिल्म वाया घालवणार? त्यामुळे मालडबा सापडतो तो माणसांच्या मागे. नव्या नवरीला न्यायला आलेले वऱ्हाड, बदली झालेल्या मास्तरांचा निरोप, शाळेची सहल, आणि पाठीमागे अर्धवट दिसणारी चार चाकी वाघीण. संशोधक असा फोटो हातात घेतो, "हे आमचे आजोबा" हे वाक्य ऐकून घेतो आणि विचारतो, "हे जरा बाजूला झाले असते तर?"

फोटोचे साल ठरवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. समजा, पालघरच्या फलाटावरचा फोटो आहे, मागे साल लिहिलेले नाही. आधी आकाश पाहावे. रुळांवर विजेच्या तारा आणि खांब नसतील, तर फोटो १९७० च्या दशकात विरारपलीकडे वीज पोचण्याआधीचा. मग वाघिणीच्या अंगावर बीबीसीआय अशी अक्षरे दिसतात का पाहावे. दिसली म्हणून १९५१ च्या आधीचा, असे लगेच ठोकून देऊ नये. राज्य गेले तरी पाटी राहते, हा अनुभव रेल्वेबाहेरही येतो. मग टोकाच्या तुळईवर नजर न्यावी. तिथे एकच जाड, वळ्यावळ्यांची नळी लोंबत असेल तर व्हॅक्यूम ब्रेक, बारीक नळ्या असतील तर एअर ब्रेक. एवढे झाल्यावर साल दहा-पंधरा वर्षांच्या टप्प्यात येते. फोटोतल्या आजोबांच्या मिशीवरून आजी तेच साल एका क्षणात सांगते, पण ती पद्धत शास्त्रीय मानली जात नाही.

नवा फोटो काढण्यात वेगळा धोका. उभ्या टँक वॅगनच्या पोटाखाली वाकून कॅमेरा लावणारा माणूस कुठेही संशयास्पदच. ज्या तालुक्यात अणुवीज केंद्र आहे तिथे तर विचारायलाच नको. "मी ब्रेकच्या सिलिंडरचा फोटो घेतोय" हे उत्तर खरे असले तरी खाकीतल्या माणसाला पटत नाही. त्याला पटेल असे खोटे अजून सापडलेले नाही. परवानगी काढून जाणे हाच मार्ग, आणि ती मिळेपर्यंत वाघीण निघून गेलेली असते.

आता प्रत्यक्ष बांधणी. जगात सर्वाधिक चालणारे माप १:८७ चे, त्याला एचओ म्हणतात. बाजारात मिळणारा या मापाचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळावरून बेतलेला आहे. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ ने भागले की सव्वाएकोणीस येतात. म्हणजे पालघरची वाघीण विकतच्या रुळावर ठेवली, की थोरल्या भावाने धाकट्याची चड्डी घातल्यासारखी दिसते. पावणेतीन मिलिमीटरच्या या फरकावरून पंथ पडले आहेत. सनातनी पंथ स्वतःचा रूळ स्वतः ठोकतो आणि बहुधा रूळ पूर्ण होण्याआधी निवृत्त होतो. व्यवहारी पंथ विकतचा रूळ घेतो आणि पाहुण्यांना वाघीण बाजूने दाखवतो, समोरून कधीच नाही. व्यवहारी पंथ बरा. निदान त्यांची गाडी चालते.

साहित्य म्हणून प्लॅस्टिकचा पत्रा, पितळ, सनबोर्ड, लेझरने कापलेला पुठ्ठा आणि हल्ली थ्रीडी प्रिंट. बोईसरकराला वाटते की एवढी एमआयडीसी उशाशी असताना आपल्याला काय कमी? तो एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे आरेखन घेऊन जातो. शेडचा मालक कागद उलटसुलट करून विचारतो, "किती टन?" दोन मिलिमीटरचे चाळीस तुकडे हवेत, हे कळल्यावर तो आधी कागदाकडे, मग माणसाकडे पाहतो आणि चहा मागवतो. चहा पिऊन झाल्यावर तुकडे बहुधा फुकट कापून मिळतात, कारण त्यांचे बिल करायला लागणारा वेळ तुकड्यांपेक्षा महाग असतो. त्यातले दोन घरी पोचेपर्यंत रिक्षात पडतात.

रंग त्या मानाने सोपा. खिडकीच्या ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड प्रायमर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि बऱ्याचशा वाघिणींच्या रंगाच्या पुष्कळ जवळ जातो. पण नवीकोरी झळझळीत वाघीण ही खोटी वाघीण. तिच्यावर गंज हवा, धूळ हवी, पावसाचे ओघळ हवेत, खडूने मारलेल्या फुल्या हव्यात. म्हणून आठ दिवस खपून बनवलेली वस्तू पुढचे पंधरा दिवस खपून घाण करावी लागते. काम चांगले झाले याची खूण म्हणजे घरकाम करणाऱ्या मावशी ती ओल्या फडक्याने पुसायला घेतात. भरतीसाठी खरा कोळसा कुटून चहाच्या गाळणीने चाळतात. ही गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. गवताच्या भाऱ्यांसाठी नारळाचा काथ्या बारीक कातरून घेतला की काम भागते.

शेवटचा प्रश्न जागेचा, आणि तो कोणी सोडवलेला नाही. बॉक्सएन १०.७ मीटर लांब, म्हणजे १:८७ मध्ये साधारण १२ सेंटिमीटर. अठ्ठावन्न वाघिणी जोडल्या की सात मीटर झाले. बोईसरच्या वन-बीएचकेत एवढी सरळ भिंत निघत नाही. रेक दिवाणखान्यात सुरू होऊन मोरीत संपतो. त्यामुळे शहाणे लोक बॉक्सएनच्या वाटेला जात नाहीत. ते १९५० च्या आसपासचे पालघर निवडतात. दोन सायडिंग, एक मालधक्का, गवताची वखार आणि सात-आठ चार चाकी वाघिणी. सगळे एका फळीवर बसते आणि फळी कपाटावर. पुण्याला कोथरूडमध्ये १९९८ पासून भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे धावत्या गाड्या पाहून मुले टाळ्या वाजवतात. मालधक्क्याच्या फळीला टाळ्या मिळत नाहीत, कारण तिथे काहीच धावत नाही. वाघिणी उभ्या असतात, आणि खऱ्या मालधक्क्यावरही त्या बहुतेक वेळ उभ्याच असत.

आता दादरीहून जेएनपीटीकडे जाणारा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग जिल्ह्यातून जातो आहे. त्यावर दोन मजली कंटेनर धावणार आणि लोकल अडणार नाहीत, अशी आशा आहे. प्रवाशांच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. फुकटच्या निरीक्षणाचा काळ मात्र संपत आला. जुन्याचा पुरावा तर त्याहून वेगाने संपतो आहे. तेव्हा सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव किंवा डहाणू रोडच्या फलाटावर काढलेले जुने कौटुंबिक फोटो ज्यांच्या घरी असतील, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालण्याआधी एकदा माणसांच्या मागे काय उभे आहे ते पाहावे. चार चाके दिसली तर फोटो जपून ठेवावा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने स्थानकाचे नाव आणि अंदाजे साल लिहावे.