मा. प्रोसेस क्रमांक १ यांस खुले पत्र

प्रति,
मा. सिस्टमडीसाहेब,
प्रोसेस क्रमांक १,
मु. पो. जवळजवळ प्रत्येक लिनक्स कॉम्प्युटर.

चेअरमनसाहेब,

‘चेअरमन’ म्हटलं म्हणून दचकू नका, आमच्या फलटण भागात तो मानाचा शब्द आहे. इथं साखर कारखाना निघतो तो उसाचं गाळप करायला. मग मळीचं काय करायचं म्हणून डिस्टिलरी येते, बगॅसचं काय करायचं म्हणून वीजप्रकल्प येतो. कामगारांच्या पोरांसाठी शाळा, शाळेमागे कॉलेज, कॉलेजमागे पतसंस्था आणि पेट्रोलपंप. एके दिवशी सभासदाच्या लक्षात येतं की आपलं कर्ज, आपलं डिझेल आणि पोराची ॲडमिशन हे सगळं एकाच केबिनमध्ये ठरतंय. कुणी बळजबरी केलेली नसते. सगळं सभासदांच्या सोयीसाठीच झालेलं असतं. तुमचा कारभार पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही.

माझी ओळख करून देतो. फलटणला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कोळकी, विडणी, बरड या पट्ट्यातल्या काही दूध संकलन केंद्रांवर मी लिनक्स बसवून दिलंय. कारण साधं आहे. ती मशिनं जुनी आहेत, मेमरी कमी आहे आणि पेन ड्राईव्हमधून येणाऱ्या व्हायरसांना मी विटलो होतो. थोडक्यात, तुमच्या कार्यक्षेत्रातला मी एक बिगर-ऊसउत्पादक सभासद.

ज्यांना तुमचा पदभार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मशिनचं बटण दाबलं की कर्नल जागं होतं आणि पहिला प्रोग्रॅम उठवतं. तो क्रमांक १, म्हणजेच इनिट. बाकीचे सगळे त्याचे वंशज. तो मेला तर मशिन जागच्या जागी बंद. तुमच्या आधी ही गादी सिस-व्ही इनिटकडे होती. १९८३ च्या सिस्टम फाइव्ह युनिक्सची रीत, लिनक्ससाठी मिकेल व्हान स्मूरेनबर्ग यांनी लिहिलेली. फायलींच्या नावात आकडे असायचे आणि त्या आकड्यांच्या क्रमाने एकेक सेवा उठायची. एकीचं आटोपल्याशिवाय दुसरी जागची हलायची नाही. ‘सुरू झालो’ असं सांगून एखादी मागच्या मागे मेली, तरी म्हाताऱ्याला पत्ता नसायचा.

तेव्हा खोटं कशाला बोलू? ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंग यांनी तुमची जाहीर मांडणी केली, तेव्हा तुमची गरज होती. सगळ्यांचे सॉकेट आधी उघडून ठेवायचे आणि सेवा एकदम सोडायच्या, ही कल्पना ॲपलच्या लाँचडीची, पण तुम्ही ती चांगली राबवलीत. प्रत्येक सेवेची पिलावळ कर्नलच्या सीग्रुपमध्ये कोंडून ठेवलीत, त्यामुळे कुणी पळून लपत नाही. गाळप उत्तम चालू होतं. फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने २०११ मध्ये तुम्हाला घेतलं, तेही समजण्यासारखं होतं.

मग आले ऐनवेळचे विषय.

यूडेव्ह हे २००३ पासूनचं स्वतंत्र खातं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केलेलं, पुढे के सीव्हर्स यांनी सांभाळलेलं. काम एकच: कुठलंही यंत्र जोडलं की कर्नल जी आरोळी देतं ती ऐकायची आणि त्या यंत्राची नोंद लावायची. कुणाला हात लावायची परवानगी, टोपणनाव काय, जोडल्याबरोबर कोणता प्रोग्रॅम चालवायचा. कुणाचा इनिट कोणता, याच्याशी त्याचं देणंघेणं नव्हतं. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा सोर्स कोड तुमच्या कोडमध्ये विलीन झाला. वेगळं चालवता येईल, असं आश्वासन होतंच. विलीनीकरणाच्या प्रत्येक ठरावात असं एक वाक्य असतं. जेंटू डिस्ट्रोवाल्यांना हे ठराव वाचायची सवय असावी, कारण त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी यूडेव्हची वेगळी चूल मांडली आणि तिला ईयूडेव्ह नाव दिलं.

डेबियन डिस्ट्रोच्या इनिट-निवडणुकीची गोष्ट तर आमच्याकडे कुणालाही सांगा, लगेच कळते. त्यांची आठ जणांची तांत्रिक समिती होती. तुमचं पॅनेल एकीकडे, उबुंटूवाल्यांचा अपस्टार्ट नावाचा इनिट दुसरीकडे. महिनोन्‌महिने खल झाला आणि शेवटी मतं पडली चार विरुद्ध चार. फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्ष बीडेल गार्बी यांनी निर्णायक मत तुमच्या पारड्यात टाकलं. त्याच आठवड्यात उबुंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं की उबुंटूही तुमच्याकडेच येणार. म्हणजे ज्यांचा उमेदवार पडला, ते निकालानंतर विजयी पॅनेलमध्ये दाखल. सातारा-सांगलीत ह्याला बातमी म्हणत नाहीत. नाराजांनी डेव्हुआन नावाची वेगळी सोसायटी काढली, ती आजही चालू आहे आणि जाणकारांच्या मार्गाने बसवली तर इनिट कोणता हवा हे आधी विचारते. विचारते! माझा तर विश्वासच बसला नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येतो.

सकाळी सहाला संकलन सुरू होतं. टेबलावर इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, शेजारी फॅट मशीन. दोन्हींच्या वायरी यूएसबी कन्व्हर्टरमधून कॉम्प्युटरला. कन्व्हर्टर बाजारात सर्वांत स्वस्त मिळणारे, सीएच३४० चिपचे. कर्नल त्यांना सापडतील त्या क्रमाने नावं देतं: पहिला टीटीवाय-यूएसबी०, दुसरा टीटीवाय-यूएसबी१. दोन्ही यंत्रं नुसते आकडे पाठवतात, कुठला आकडा कशाचा ते पोर्टच्या नावावरूनच ठरतं. वीज गेली, आली, मशिन पुन्हा चालू झालं आणि क्रम उलटला की पावती छापून येते: दूध ३.९ लिटर, फॅट १८.४. एवढ्या फॅटची म्हैस अख्ख्या तालुक्यात नाही. शेतकरी पावतीकडे बघतो, केंद्रवाल्याकडे बघतो आणि पावती घडी करून खिशात ठेवतो. फॅट वाढवून मिळाल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

हा क्रम उलटणं तुमचा गुन्हा नाही, हे मला कळतं. यूडेव्हमध्ये अनुक्रमांकावरून कायमचं टोपणनाव देण्याची सोय आहे आणि ती झकास आहे. पण या स्वस्त चिपना अनुक्रमांकच नसतो. दोन कन्व्हर्टर, दोघांचा ओळखक्रमांक तोच, १ए८६:७५२३. मग एकच मार्ग उरतो, नाव चिपला न देता कॅबिनेटच्या भोकाला द्यायचं. मी एका ओळीचा नियम लिहितो, वरच्या भोकाला ‘काटा’ आणि खालच्याला ‘फॅट’ अशी नावं लावतो, आणि कॅबिनेटवर स्केचपेनने तेच लिहून ठेवतो. दोनचार दिवसांनी केंद्रावरचा पोरगा मोबाईल चार्जिंगला लावायला काट्याची पिन काढून दुसऱ्या भोकात घालतो. तिथे तुमचा काय दोष? काहीच नाही.

दोष इथे आहे. लॅनच्या वायरीचं ज्या मशिनला एकच भोक आहे, त्याला आम्ही वर्षानुवर्षं ईथ० म्हणत होतो. एकच असल्यामुळे क्रम उलटायचा प्रश्नच नव्हता. जानेवारी २०१३ पासून तुम्ही त्याचं बारसं केलंत: ईएनपी३एस०. म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. कायम टिकणारं नाव, असं तुमचं म्हणणं. मी त्याच मशिनमध्ये एक जादा कार्ड बसवलं की बसचे आकडे सरकू शकतात आणि कायम टिकणारं नाव ईएनपी४एस० होऊन बसतं. ज्याला नावाची अडचण नव्हती त्याला न मागता नाव मिळालं. ज्या दोन वायरींची अदलाबदल होऊन शेतकऱ्याचं बिल चुकतं, त्यांच्यासाठी स्केचपेन.

आणि २०२२ तर तुम्हाला आठवत असेलच. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल वाचनयंत्रं सांभाळणाऱ्या बीआरएल-टीटीवाय प्रोग्रॅमच्या नियमांत हाच १ए८६:७५२३ क्रमांक होता, कारण एका ब्रेल यंत्रातही हीच चिप आहे. परिणाम असा की जगभर ज्यांनी ज्यांनी त्या उबुंटूवर हा कन्व्हर्टर लावला, त्यांचा पोर्ट दिसला न दिसला तोच गायब. अर्दुइनोवर खेळणाऱ्या पोरांनी केबली बदलल्या, बोर्ड बदलले. नियम तुम्ही लिहिलेला नव्हता, अंमलबजावणी तेवढी तुमची. चेअरमनचं हेच बरं असतं, सही नेहमी दुसऱ्याची.

बाकीचे विषय वेळेअभावी झटपट घेतो. २०१७ मध्ये उघड झालं की सेवेच्या फाईलीत ‘०डे’ असं आकड्याने सुरू होणारं युजरचं नाव लिहिलं, तर तुम्ही नाव अमान्य करून ती सेवा थेट रूटच्या अधिकाराने चालवता. अर्ज नामंजूर आणि उमेदवार संचालक! जून २०२४ मध्ये आवृत्ती २५६ आली. त्यात तात्पुरत्या फायली सांभाळणाऱ्या खात्याला ‘पर्ज’ म्हटलं की लोकांची होम डिरेक्टरीच साफ व्हायची, कारण होम तयार करण्याची नोंदही त्याच खात्याकडे होती. २५६.१ मध्ये आवरतं घेतलंत. त्याच वर्षी मार्चमध्ये फायली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेडमधलं मागलं दार सापडलं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढाच संशय आला आणि जग वाचलं. ते दार एसएसएचच्या सर्व्हरपर्यंत पोचलं कसं? काही डिस्ट्रोंनी ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप तुम्हाला देण्यासाठी त्याला तुमची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीबरोबर एक्सझेडची लायब्ररी आयतीच आत आली. पेट्रोलपंपावर डिझेल भरायला गेलं की कॉलेजच्या इमारत निधीची पावती फाडावी लागते, तसलाच प्रकार.

आता स्टॉप जॉब. वीज जाते. यूपीएसची बॅटरी म्हातारी, ती पिकपिक करत असते. केंद्रवाला शहाण्यासारखं शटडाउन दाबतो. भराभर सगळं बंद होतं आणि मग काळ्या स्क्रीनवर तीन लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरू लागतात: ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग’. कशासाठी? तर कुठली तरी एक सेवा थांबायला तयार नाही. मुदत दीड मिनिट. हत्ती गेला, शेपूट राहिलं. तेवढ्यात यूपीएस मान टाकतो आणि जे नीट बंद व्हायला आलं होतं ते धाडकन बंद होतं. फेडोराने ३८ व्या आवृत्तीत ही मुदत ४५ सेकंदांवर आणली. आभार.

तुम्हाला घालवा असं मी म्हणत नाही. दुकानातलं माझं स्वतःचं मशिन तुमच्याच आशीर्वादाने चालतं, कारण नवी सॉफ्टवेअरं आता तुमच्याच नमुन्यातली सेवा-फाईल पाठवतात, आणि जीनोम डेस्कटॉपने तर २०२५ मध्ये तुमच्याशी आणखी घट्ट गाठ मारायचं जाहीर केलं. माझं म्हणणं एवढंच, की इनिट कोणता आणि यंत्रांची नोंद कुणी ठेवायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते मला वेगवेगळे विचारले जावेत. आल्पाईन डिस्ट्रोमध्ये एक आज्ञा दिली की एमडेव्ह, एमडेव्हडी की यूडेव्ह असं विचारतात, आणि इनिट आहे तोच राहतो. असं विचारल्याने त्यांचं गाळप बंद पडलेलं नाही.

म्हणून एका केंद्रावरच्या ३२ बिटच्या खटाऱ्यावर मी अँटीएक्स नावाचं लिनक्स बसवलंय. इनिट जुना सिस-व्ही, यंत्रांना ईयूडेव्ह. ‘काटा’ आणि ‘फॅट’ची नियमाची फाईल तुमच्याकडून उचलली आणि एक अक्षर न बदलता तिथे ठेवली, चालली. मशिन सावकाश उठतं. केंद्रवाला तोवर कॅन विसळून घेतो.

कळावे, लोभ आहेच, कमी झाला तरी चालेल.

आपला,
एक सभासद, फलटण

ता. क. तुमच्या ताब्यातल्या उरलेल्या केंद्रांवर मी दीड मिनिटाची मुदत १० सेकंदांवर आणली आहे. डेटाबेसला मात्र स्वतंत्र फाईलीत पूर्ण वेळ दिलाय, कारण त्याला मध्येच मारलं तर दहा दिवसांच्या दुधाचा हिशोब जाईल आणि बिलाच्या दिवशी लोक तुमच्या नाही, माझ्या दारात उभे राहतील. पुढच्या अपडेटला ‘नवी फाईल ठेवू का?’ असं विचारलंत, तर उत्तर ‘नाही’ आहे.