कालव्याकाठी, पण वरच्या मजल्यावर

बुऱ्हाणपुरात पन्नाशी उलटलेला माणूस सकाळी सायकलवर दिसला, की बघणाऱ्याला तीनच शक्यता सुचतात. गाडी गॅरेजात आहे, डॉक्टरनी सांगितलंय, किंवा मुलांनी चावी काढून घेतलीय. माणूस मजेखातर सायकल चालवतोय, ही चौथी शक्यता आमच्याकडे अजून दाखल झालेली नाही. त्यामुळे शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत जाताना मला पायडल कमी आणि खुलासे जास्त मारावे लागतात.

"काय भाऊ, गाडी बिघडली का?"

"नाही."

"मग शुगर निघाली?"

"नाही हो."

इथे विचारणाऱ्याचा आवाज खाली येतो. "घरी सगळं ठीक आहे ना?"

हे लचांड मागे लावलं माझ्या भाच्यानं. तो फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कारखान्यात आहे, आणि सुट्टीच्या दिवशी कनाल द्यु मिदी नावाच्या कालव्याच्या काठानं सायकल चालवतो. हा कालवा तुलूझहून निघून भूमध्य समुद्राच्या दिशेनं २४० किलोमीटर जातो. पिएर-पॉल रिके नावाच्या गृहस्थानं तो १६६६ मध्ये खणायला घेतला. रिके मूळचा मिठावरचा कर गोळा करणारा ठेकेदार. आधी लोकांना मीठ चारायचं आणि मग पाणी आणून द्यायचं, हा माणूस आमच्या मंडीतही चालला असता. त्या काळी नावा काठावरून ओढत नेत, त्यासाठी घोड्यांना वाट केली. पुढे घोडे गेले, वाट राहिली आणि तिच्यावर सायकली आल्या. घोडा दमू नये म्हणून आखलेली वाट. तिला चढ कुठून असणार?

"दोन्ही बाजूंना चिनाराच्या जातीची उंच झाडं, मध्ये संथ पाणी, काठानं जुनी दगडी गावं," भाचा फोनवर सांगत होता, "आणि मामा, कोणी हॉर्न वाजवत नाही."

"मग मागून कोण येतंय ते कळतं कसं?" हिनं विचारलं.

माझा मुद्दा वेगळा होता. मी म्हटलं, अरे, तुझा रिके शाळकरी पोर होता तेव्हाच आमच्या बुऱ्हाणपुरात पाणी खेळत होतं. १६१५. जहांगीर बादशहाचा अंमल, इथे अब्दुल रहीम खानखाना, आणि काम करणारा तबकुतुल अर्ज नावाचा फारसी भूगर्भतज्ज्ञ. शाळेत ज्या रहीमचे दोहे पाठ न झाल्याबद्दल मी बाकावर उभा राहिलो, तोच हा. पाण्यावर दोहा लिहिणारे पुष्कळ असतील, पण पाण्याची सोयही करून देणारा कवी मला दुसरा माहीत नाही. ये तू डिसेंबरात, तुला कालव्याकाठची सायकलस्वारी दाखवतो.

तो खरंच आला. सोबत पिवळी जर्सी, हेल्मेट आणि बुडाला गादी शिवलेली एक चड्डी. ती चड्डी आमच्याकडे वाळत पडली तेव्हा शेजारच्या काकू बाळाची चौकशी करून गेल्या.

आता आमच्या कालव्याची एक अडचण आहे, ती मी त्याला फोनवर सांगितली नव्हती. तो जमिनीखाली आहे. चांगला ऐंशी फूट खाली. सातपुड्यात पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत तापीकडे सरकतो. त्या तज्ज्ञानं त्याला वाटेतच गाठलं. जमिनीच्या पोटात बोगदे खोदले, त्यांना हलका उतार दिला आणि पाणी आपल्या पायांनी शहरापर्यंत चालत आणलं. पंप नाही, मोट नाही, वीजबिल तर नाहीच. हवा यावी, गाळ काढता यावा म्हणून ठरावीक अंतरावर वरपर्यंत विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. त्या शंभराच्या वर आहेत. म्हणून हा कुंडी भंडारा. लोक त्याला खूनी भंडाराही म्हणतात. असे एकूण आठ भंडारे शहराला पाणी पुरवत होते. एकाचं नाव मूल भंडारा, एकाचं सुखा, एकाचं चिंताहरण. आमच्या नळाला सकाळी किती वाजता पाणी येईल याची वाट बघत बादली धरून उभं असताना हे शेवटचं नाव मला हमखास आठवतं.

खाली जायला लिफ्ट आहे. भाच्याला कालव्याशेजारी सायकलीचा फोटो हवा होता, म्हणून तो सायकलीसकट लिफ्टमध्ये शिरू लागला. राखणदार अजिबात रागावला नाही. "साहेब," तो म्हणाला, "खाली स्टँड नाही." मग सायकली वर ठेवून आम्ही उतरलो. पायाखाली वाहतं, स्वच्छ पाणी, दोन्ही भिंतींवर चुनखडीचे पांढरे थर, आणि थोड्या थोड्या अंतरावर कुंडीच्या तोंडातून पडणारा उजेड. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. तो इंजिनिअर आहे, त्यामुळे हे कौतुक होतं. मग त्यानं भिंतीला हात लावला, उताराचा अंदाज घेतला आणि विचारलं, "मामा, त्या काळात हे लेव्हल कसं केलं असेल?" एवढ्या एका प्रश्नासाठी मी त्याला चड्डी माफ केली.

वर येऊन आम्ही कालव्याकाठानं निघालो. म्हणजे एका कुंडीपासून पुढच्या कुंडीपर्यंत, शेतांच्या कडेनं, ढेकळांवरून. कुंड्यांचे गोल कठडे दिसतात, त्यावरून खाली पाणी असल्याचं मानून घ्यायचं. भाच्याच्या मोबाइलमधल्या नकाशावर कुठेही निळी रेघ नव्हती, त्यामुळे तो सारखा थांबत होता. बांधावरच्या एका शेतकऱ्यानं काय हरवलं म्हणून विचारलं.

"कालवा शोधतोय," भाचा म्हणाला.

"त्याच्यावरच तर उभे आहात," शेतकरी म्हणाला, आणि आम्हाला नीट न्याहाळून पुढे विचारलं, "गाडी बिघडली का?"

कनाल द्यु मिदीला युनेस्कोनं १९९६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमचा भंडारा २०२४ मध्ये संभाव्य यादीत आलाय, म्हणजे वेटिंगला आहे. लालबागच्या स्टेशनावर अख्खा जन्म वेटिंग लिस्ट बघण्यात गेलेल्या या शहराला त्याचं काही वाटत नाही. कन्फर्म होईल कधीतरी.

शांततेचं म्हणाल, तर तीही आहे. गल्लीगल्लीत पॉवरलूम. त्यांचा खटखटाट इतका मुरलाय की इथला माणूस दुसऱ्या गावी गेला की त्याला झोप लागत नाही. शांतता हवी असेल तर वीज जाण्याची वाट बघायची. हा कापडाचा धंदा जुना. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून आग्र्याच्या वाटेवर इथून गेला आणि इथली झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाते असं लिहून ठेवलं. गाव बरंचसं पडकं आहे, घरं गवताची आहेत, असंही लिहिलं. फ्रेंच माणूस, तक्रार करणारच. पण त्याचा एक सल्ला मला फार आवडतो. गाडीचे बैल घेताना शिंगं फुटाहून लांब नसावीत, कारण माशी चावली की बैल मान मागे झटकतो आणि शिंग बसणाऱ्याच्या पोटात जातं. वाहनाची इतकी प्रामाणिक परीक्षा मी आजवर कुठल्या शोरूममध्ये ऐकलेली नाही.

तापी ओलांडून झैनाबादेत आलो. इथल्या आहुखान्यात मुमताजला १६३१ मध्ये आधी पुरलं होतं. काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. हा विषय बुऱ्हाणपुरात कुणापाशी काढू नये. ताजमहाल खरं तर इथे व्हायचा होता, इथपासून सुरुवात होते आणि दुपारचं जेवण हुकतं. तापी-मोहनेच्या संगमावर मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह घडवून आणणारे हेच. १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले. आणि १६८१ साली रिकेचा कालवा पुरा झाला (तो बिचारा आदल्याच वर्षी गेला होता), त्याच वर्षाच्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेनं इथलं बहादूरपूर लुटलं. तिकडे कालवा, इकडे लूट. आमचे पूर्वज त्या दिवशी लुटणाऱ्यांत होते की लुटल्या गेलेल्यांत, यावर घरात एकमत नाही. शिवजयंतीला पहिलं, घरपट्टी भरताना दुसरं.

तिथून इच्छापूरचा रस्ता धरला. देवीचं दर्शन घ्यायचं आणि परत. पुढे लगेच महाराष्ट्राची हद्द. दुतर्फा केळी. फ्रान्समधल्या शर्यतीत सायकलवाले सारखी केळी खातात असं भाचा सांगत होता. तिथे १९१९ पासून सर्वांत पुढच्या गड्याला पिवळी जर्सी देतात हेही. मी म्हटलं, मग तर तू योग्य जिल्ह्यात आलास. भूक लागली की हात लांब करायचा.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते, आणि मीही ती सांगायची टाळली: केळीच्या बागेत खायला केळं नसतं. घड हिरवाच कापतात, हिरवाच ट्रकमध्ये चढतो आणि पिकतो कुठल्यातरी लांबच्या गावच्या रायपनिंग चेंबरमध्ये. मैलोन्‌मैल केळी, आणि त्यात पिवळं काय, तर भाच्याची जर्सी. एका बागवाल्यानं फार आग्रहानं अख्खा घड देऊ केला. "आठवड्यानं पिकेल," तो म्हणाला. भाच्याची नजर फिरू लागली होती. मी पिशवीतून मावा जलेबी काढली. काळीभोर, जाड, पाकात बुडालेली. त्या जलेबीपुढे जगातलं कुठलंही एनर्जी ड्रिंक म्हणजे औषधाचं पाणी. ती खाऊन भाचा सरळ इच्छादेवीच्या पायऱ्या चढून आला. मी खालूनच हात जोडले. देवी समजूतदार आहे.

परतताना केळीचा एक पिकअप शेजारी थांबला. ड्रायव्हर ओळखीतला निघाला. दोन्ही सायकली मागे टाका, गावात सोडतो म्हणाला. भाचा म्हणाला, नाही, सुरू केलेली फेरी सायकलवरच पुरी करायची असते. त्याचं हे तत्त्व ऐकून होईपर्यंत माझी सायकल घडांवर आडवी झाली होती आणि मी केबिनमध्ये होतो.

तरी भाचाच आधी घरी पोचला. ड्रायव्हरला वाटेत भेटेल त्याच्याजवळ थांबून, मी सायकल सोडून पिकअपमध्ये का बसलोय, त्याचा खुलासा करायचा होता.