तारकाप्राप्तीचे शास्त्र : नवागत कॅबचालकांसाठी

प्रवासी गाडीतून उतरून, दार आपटून निघून गेल्यावर त्याच्या मोबाइलवर पाच रिकामे तारे उमटतात, आणि त्यांपैकी त्याने किती भरले यावरून चालकाची जी सरासरी निघते तिला व्यवहारात ‘रेटिंग’ म्हणतात. ही सरासरी चल असते. उबरच्या पद्धतीत, उदाहरणार्थ, तारे मिळालेल्या अलीकडच्या ५०० फेऱ्याच तीत धरल्या जातात, त्यामुळे पाचशेएकावी फेरी जमा झाली की सर्वांत जुन्या फेरीचे पापपुण्य आपोआप गळून पडते. मुरलेल्या चालकाला ही व्यवस्था मानवते, कारण पाचशे फेऱ्यांच्या ढिगात एखादा एकतारी प्रवासी सरासरीला ०.००८ इतकाच ओरखडा काढू शकतो. नवागताच्या खात्यावर मात्र जेमतेम दहा फेऱ्या असतात आणि त्यांतील नऊ जणांनी पाच व एकाने एक तारा दिला की सरासरी थेट ४.६ वर येऊन बसते. ती ४.९ वर न्यायची तर पुढचे तीस प्रवासी ओळीने, एकही न चुकता, प्रसन्न व्हावे लागतात. इतकी सलग प्रसन्नता पुणे शहरात अन्य कोणत्याही व्यवसायाच्या वाट्याला आल्याची नोंद आढळत नाही. प्रस्तुत विवेचन त्या तिसाव्या प्रवाशापर्यंत तग धरू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

अभ्यासकाने प्रथम मोजपट्टीचे स्वरूप ध्यानात घ्यावे. तारे पाच असल्याने पायऱ्याही पाच असाव्यात, असा समज महाराष्ट्रात वाढलेल्या प्रवाशाचा असणे स्वाभाविक आहे, कारण ज्या राज्यात दहावीला ७५ टक्के मिळाले की ‘विशेष प्रावीण्य’ लाभते आणि पेढे वाटले जातात, तेथे पाचपैकी चार, म्हणजे ८० टक्के, हा कौतुकाचाच आकडा ठरतो. लंडनमधील उबरचालकांच्या गाजलेल्या खटल्यात २०१६ साली जी वस्तुस्थिती नोंदली गेली, तीनुसार २०० किंवा अधिक फेऱ्या झालेल्या चालकाची सरासरी ४.४ च्या खाली गेली की त्याच्यावर ‘गुणवत्ताविषयक हस्तक्षेप’ सुरू होत, आणि तरीही सुधारणा न झाल्यास त्याचे खाते बंद होई. म्हणजे ८८ टक्क्यांच्या खाली सारेच नापास. या दोन गुणदानपद्धतींचा संगम सदाशिव पेठेतील निवृत्त मुख्याध्यापकांच्या ठायी पाहावयास मिळतो. त्यांनी उभ्या हयातीत निबंधाला दहापैकी साडेसातच्या वर गुण दिलेले नसतात, ‘पैकीच्या पैकी दिले की मूल बिघडते’ हे त्यांचे ठाम मत असते, आणि ते चालकाच्या पाठीवर थाप मारून, त्याच्या मुलांच्या शिक्षणाची चौकशी करून, मनापासून चार तारे देतात. असा प्रवासी ओळखू आल्यास चालकाने संभाषणात आपल्या कौशल्याचे प्रदर्शन टाळावे. उत्तेजन म्हणून ते कदाचित पाच देतील. गुणवत्तेवर दिले तर चारच.

यानंतर संबोधनाचा प्रश्न येतो, आणि तो चालवण्याच्या प्रश्नापेक्षा नाजूक आहे. पुरुष प्रवाशाला ‘सर’ म्हटल्याने सहसा कोणाचे बिघडत नाही. स्त्री प्रवाशाबाबत मात्र ‘मॅडम’ हे सुरक्षित, ‘ताई’ हे बहुतांशी सुरक्षित, ‘मावशी’ हे जोखमीचे आणि ‘काकू’ हे आत्मघातकी समजावे. केस पूर्ण पांढरे असले, हातात नातवंड असले आणि प्रवासी स्वतः चालकाला ‘अरे बाळा’ म्हणत असली तरच शेवटच्या दोहोंचा विचार करावा. भाषेचेही असेच आहे. बीड किंवा लातूरहून येऊन पुण्यात गाडी चालवणाऱ्या तरुणाला कोथरूडचा प्रवासी ‘भैया, थोडा जल्दी लो’ असे सांगतो, चालक ‘हां सर, सिग्नल लगा है’ असे उत्तर देतो, आणि एकाच्या आईचा फोन येऊन ‘हो गं, जेवलो मी’ हे शब्द उच्चारले जाईपर्यंत दोन मराठी माणसे तळेगाव-हिंजवडीपर्यंत हिंदी पाजळत जातात. अशा प्रसंगी चालकाने लगेच मराठीवर उडी मारू नये. प्रवाशाला आपण उगाच हिंदी बोललो याचा जो संकोच वाटतो, त्याचा वचपा ताऱ्यांवर निघण्याचा संभव असतो; तेव्हा एखादा चौक जाऊ द्यावा आणि मग ‘गाव कोणतं तुमचं?’ असे हलकेच विचारावे.

वातानुकूलन हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. एसी लावल्याने सीएनजी जास्त जळतो, एसी न लावल्याने तारे कमी होतात, आणि या दोन नुकसानांची बेरीज-वजाबाकी चालकाने एप्रिलच्या दुपारी, सीएनजी पंपावरच्या रांगेत उभे असताना करावी, कारण तेथे वेळ मुबलक असतो. मागच्या सीटवरील दोन प्रवाशांपैकी एकाला थंडी वाजत असेल आणि दुसऱ्याला उकडत असेल, तर ज्याच्या मोबाइलवरून गाडी बोलावली आहे त्याचेच शरीर प्रमाण मानावे.

पिकअपच्या जागेविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की नकाशावरची पिन आणि प्रवाशाचे दार यांच्यामध्ये पेठांत नेहमी एक एकेरी रस्ता असतो. प्रवासी फोनवर ‘मी इथेच उभा आहे’ असे सांगतो. ‘इथे’ या शब्दाची व्याप्ती विचारू नये.

अधिक गंभीर बाब भाड्याची. पुण्यात एसी कॅबसाठी परिवहन प्राधिकरणाने पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये व पुढे प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला, ॲपवर मात्र अनेकदा याहून बरेच कमी भाडे दिसते, आणि संध्याकाळी पाऊस पडल्यावर तेच भाडे ‘सर्ज’मुळे, म्हणजे मागणी वाढल्यावर आपोआप चढणाऱ्या दरामुळे, फुगते. भाडे कमी असले की चालकाचा चेहरा पडतो आणि जास्त असले की प्रवाशाचा; तारे मात्र दोन्ही प्रसंगी चालकाचेच जातात. हिंजवडीहून सायंकाळी सातला निघालेल्या प्रवाशाच्या मनात रस्त्याचा, मेट्रोच्या कामाचा, कंपनीच्या मॅनेजरचा आणि भाड्याचा असा चौपदरी राग साठलेला असतो, आणि शहर नियोजनास तारे देण्याची सोय ॲपमध्ये नसल्याने तो हाताशी असलेल्या एकमेव माणसावर रिता होतो. याबाबत वर्तमान मत असे की चालकाने प्रवाशाच्या आधीच वाहतुकीला शिव्या घालाव्यात, म्हणजे दोघे एका पक्षाचे होतात. मात्र त्या सभ्य असाव्यात.

शासनानेही या शास्त्रात भर घातली आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १ जुलै २०२५ रोजी काढलेल्या ॲग्रिगेटरविषयक मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ॲपवरून गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांसाठीच्या नियमावलीत, रेटिंगच्या क्रमवारीत तळाच्या पाच टक्क्यांत असलेल्या चालकांना दर तिमाहीला उजळणी प्रशिक्षण घ्यावयास सांगितले आहे. यातील गणिती सौंदर्य सहज नजरेत भरत नाही. उद्या सर्व चालक सौजन्याचे पुतळे झाले, गाडीत अत्तर शिंपडू लागले आणि प्रत्येकाची सरासरी ४.९ च्या वर गेली, तरी शंभरांतील पाच जण तळाला असणारच. तेव्हा प्रशिक्षणाचे वर्ग ओस पडण्याची भीती प्रशिक्षकांनी बाळगू नये. उबरचालकांच्या वर उल्लेखिलेल्या खटल्यातच ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात असे निरीक्षण नोंदवले होते की हे तारे प्रवाशाला चालक निवडता यावा म्हणून वापरले जात नाहीत, ते कंपनीने चालकांवर देखरेख ठेवण्याचे अंतर्गत साधन आहे, आणि चालक कंपनीचे ‘कामगार’ ठरतात या निष्कर्षाला इतर मुद्द्यांबरोबर या मुद्द्याचाही आधार मिळाला. थोडक्यात, प्रवासी हा बिनपगारी मुकादम असतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. नवागताने हे ज्ञान मनात ठेवावे. प्रवाशाला सांगितल्यास काही प्रवासी हे पद फारच मनावर घेतात.

राहता राहिला तारे मागण्याचा विधी. ‘सर, फाइव्ह स्टार द्या’ ही याचना गाडी थांबल्यावर, पैसे मिळाल्यावर आणि डिकीतली बॅग स्वतः उतरवून दिल्यावरच करावी. प्रवासी ‘हो हो, देतो ना’ म्हणतो, आणि ते त्या क्षणी खरेही असते. परंतु तो मोबाइल खिशात टाकून लिफ्टकडे वळतो, आणि ताऱ्यांचा तो पडदा त्याला पुन्हा दिसतो तो पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर, बहुधा सकाळी साडेआठला, ऑफिसची वेळ टळत असताना, नवी गाडी ‘तीन मिनिटांत’ म्हणून बारा मिनिटे जागची हलत नसताना आणि दुसऱ्या चालकाने ‘ड्रॉप कुठे? कॅश की ऑनलाइन?’ विचारून फोन ठेवलेला असताना. त्या मनःस्थितीत त्याचा अंगठा आदल्या रात्रीच्या चालकाच्या ताऱ्यांवर टेकतो. यास्तव नवागताने फेरी संपल्यावर स्वतःची फारशी काळजी करू नये. उद्या सकाळी त्याच प्रवाशाला न्यायला जाणारा अनोळखी सहव्यावसायिक वेळेवर पोहोचो आणि त्याच्या गाडीचा एसी चालू असो, एवढेच देवाकडे मागून पुढची ट्रिप घ्यावी.