वाट कांद्यात गेली

प्रिय बांधकोरे दादा,


आडनाव वाचून दचकू नका. तुमचं खरं नाव मलाही ठाऊक आहे आणि गावालाही. पण माहेरची इभ्रत चव्हाट्यावर मांडायची नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. बांध कोरतो तो बांधकोरे. या आडनावाची घरं एकट्या कवठे येमाईतच आहेत असंही नाही. महाराष्ट्राच्या कुठल्याही शिवारात चार तरी निघतील. तेव्हा ज्याला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल, त्यानं खुशाल फोडावं.

पत्रास कारण, तुमचे आभार मानायचे राहिले होते.

मला गाडी चालवता येत नाही. मी एसटीची बाई. पुण्याहून शिरूर, शिरूरला गाडी बदलून कवठे. पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती याच पुणे-नगर रस्त्यानं. तिकीट होतं अडीच रुपये. आमच्या आजोबांच्या काळी शिरूरला सगळे घोडनदी म्हणत, आणि घोडनदीला एसटी आली म्हणजे मुंबई शेजारी आली असं त्यांना वाटायचं. पुढं १७ मार्च २०२३ पासून सरकारनं आम्हा बायकांना अर्धं तिकीट केलं. तेव्हापासून आम्ही तिघी मैत्रिणींनी एक नेम धरलाय. महिन्यातला एक रविवार एसटीनं जायचं, दिवसभर पायी भटकायचं, संध्याकाळच्या एसटीनं घरी. खर्च थोडा, तंगडतोड पुष्कळ. पाबळला मस्तानीची समाधी झाली, मोराची चिंचोळी झाली, टाकळी हाजीच्या कुंडावर कुकडीनं दगडगोटे गरगरा फिरवून काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे झाले. नदीला एक रांजण कोरायला हजारो वर्षं लागली असतील, बिचारीला. तुमच्यासारखा ट्रॅक्टर तिच्याकडे कुठला?

प्रत्येक फेरीत मी मैत्रिणींना सांगायची, “हे काहीच नाही. माझ्या माहेरची वाट बघा एकदा.” येमाईचं दर्शन घ्यायचं, वस्ती मागं टाकायची, बाभळींच्या सावलीतून घोड नदीवर उतरायचं. मध्ये बोरी, सुगरणीची घरटी, विहिरीच्या थारोळ्यावर पाणी पिणं. परकर-पोलक्यात असताना आईची धुण्याची बादली धरून मी त्या वाटेनं गेले आहे. डोळे मिटून चालेन, अशी फुशारकीही मारली होती.

गेल्या पौषात ती फुशारकी उतरली. बाभळीपर्यंत वाट होती. बाभळीच्या पुढं वाट कांद्यात गेली. नुकती लागण झालेली, वाफ्यात पाणी खेळत होतं, हिरव्या पाती कशा शिस्तीत उभ्या होत्या. मैत्रीण म्हणाली, “चुकलीस बहुतेक.” मी हद्दीचा दगड शोधू लागले. सापडला. तो तुमच्या मोटरीच्या पेटीखाली आडवा टेकण म्हणून लावला होता, वर विड्यांचं बंडल आणि काडीपेटी. दगड वाया जाऊ दिला नाहीत, हे मात्र मानलं.

तेवढ्यात तुम्हीच आलात. खांद्यावर खोरं, तोंडभर हसू.
“कुठं निघाला, ताई?”
“नदीला.”
“इकडनं वाट न्हाई.”
“होती की, दादा.”
“कधी?”
“मी लहान असल्यापासून.”
“मग तवा आसंल.”

दादा, तमाशाला वग पुरवणारे बी. के. मोमीन कवठेकर आपल्याच गावचे. ते असते तर एवढ्या संवादावर त्यांना आख्खा वग उभा करता आला असता, आणि मुख्य भूमिकेसाठी नट बाहेरून आणावा लागला नसता.

मी मग एक उद्योग केला. गावनकाशाची नक्कल काढली. तुमच्या कांद्यातून एक तुटक रेघ सरळ नदीकडे गेली आहे. दुहेरी तुटक रेघ असती तर गाडीवाट. एकेरी म्हणजे पायमार्ग, आणि पायमार्गाची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. आता हिशेब करू. सव्वाआठ फूट म्हणजे ९९ इंच. वीत नऊ इंचांची. दर नांगरटीला एक वीत आत सरकलं, की अकरा वर्षांत काम फत्ते. सरकारला अर्धं तिकीट द्यायला तिजोरीत हात घालावा लागला. तुम्ही एक पैसा न लागता पुरी वाट खिशात घातलीत. अर्थमंत्री तुम्हालाच करायला हवं.

आणि कायदा कोळून प्यायलात! मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. वहिवाटीच्या वाटेवरचा अडथळा तहसीलदारानं काढून द्यावा, असं त्यात आहे. पण दाद मागायची ती अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत. आता सांगा, जो वर्षाला वीतभर खातो, त्यानं नेमकं कुठल्या दिवशी अडवलं? तारीख कुणी लिहायची? हा कायदा करणारा इंग्रज त्याच्या देशात मात्र कडक. तिकडं शेतातून जाणारी सार्वजनिक पाऊलवाट नांगरली, तर शेतकऱ्यानं ती १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची, असा तिथला १९९० चा कायदा. तिकडच्या बांधकोऱ्यांचे काय हाल होत असतील, कल्पना करवत नाही.

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या बाईला रविवारी हिंडायला मिळालं नाही म्हणून केवढी आरडाओरड. खरंय. मी न हिंडल्यानं कुणाचं अडत नाही. पण त्याच वाटेनं मळ्यातल्या पोरी शाळेला आणि एसटीच्या थांब्याला यायच्या. आता त्या उसाच्या कडेनं वळसा घालतात. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या राहायला आला. पूर्वी दोन्ही पिकांमध्ये आठ फुटांची मोकळी पट्टी होती, समोरचं दिसायचं. आता पाचट खांद्याला घासतं. या पट्ट्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत, त्यावर मला विनोद सुचत नाही. तुम्हाला सुचला तर कळवा.

आता एक ताजी बातमी, म्हणजे तुम्हाला ती असणारच. तुमचं मागचं वावर आहे ना, नदीकडचं, त्याच्या पुढच्या बांधाला तुमचाच एक शिष्य राहतो. गुरूची विद्या त्यानं फार मन लावून उचलली. यंदा त्याची शेवटची वीत पूर्ण झाली म्हणे. तुमचा ऊस तोडीला आलाय आणि ट्रॉली आत जायला जागा नाही. गाडीवाटसुद्धा त्यानं सरीत घातली. भाऊ सांगत होता, तुम्ही तहसीलला अर्ज केलाय, ‘पूर्वापार वहिवाटीचा रस्ता खुला करून मिळावा.’ पूर्वापार! हा शब्द तुमच्या तोंडी ऐकून ऊर भरून आला. स्थळपाहणीला साहेब येतील तेव्हा त्यांना पेटीखालचा दगडही दाखवा. आधी विडी-काडी उचलून ठेवा.

नकाशा लागेलच. माझ्याकडची नक्कल तुमचीच समजा. तुमची गाडीवाट आणि आमची पायवाट एकाच कागदावर आहेत. एक खरी ठरली की दुसरी खोटी ठरवणं जरा जड जाईल, एवढंच.

भाऊबीजेला मी येते आहे, अर्ध्या तिकिटात. माहेरच्या नात्यानं तुम्हीही भाऊच, तेव्हा तुम्हालाही ओवाळीन. ताटात साडी घालू नका, पाकीटही नको. सव्वाआठ फूट घाला. एकदम द्यायला जिवावर येत असेल तर घाई नाही. दर वर्षी एक वीत चालेल.

तुमची,
कवठ्याची एक माहेरवाशीण