मूळपुरुष लोरियांहून निघाला

आपल्याकडच्या कुलवृत्तांतातला मूळपुरुष बहुधा कुठून तरी येतो, त्याला कुणीतरी इनाम देतं आणि पुढच्या पानावर त्याला चार मुलगे झालेले असतात. तारीख विचारायची नसते. फ्रेंच माणसाचं तसं नाही. त्याचा मूळपुरुष अठराव्या शतकात हिंदुस्थानात व्यापाराला आला असेल, तर तो कोणत्या जहाजानं कधी निघाला हेही बरेचदा कागदावर सापडतं. आणि कागद सापडले की घरातल्या गोष्टींची पंचाईत होते.

गोष्ट साधारण अशी असते : आमचे पूर्वज पाँडिचेरीचे बडे व्यापारी, गव्हर्नर द्युप्लेशी त्यांचा घरोबा, आणि सगळी दौलत इंग्रजांनी लुटली. यातलं शेवटचं कलम फार सोयीचं. दौलत गेली कुठे, असं कुणी विचारूच शकत नाही. शिवाय ते अगदीच खोटंही नाही. जानेवारी १७६१ मध्ये पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती गेली आणि त्यांनी ती पार जमीनदोस्त केली.

मग वंशज लोरियांचे कागद उघडतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं हे बंदर फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीनंच वसवलं, तिथे बांधलेल्या एका जहाजावरूनच गावाला नाव पडलं. कंपनीच्या जहाजांवरच्या माणसांच्या याद्या आजही शाबूत आहेत : कोण चढला, कोण वाटेत वारला, कोण बंदरात उतरला तो परतलाच नाही. वंशज मोठ्या उमेदीनं कप्तानाबरोबर जेवणाऱ्या प्रवाशांत आजोबांना शोधतो. आजोबा सापडतात खाली, कारकुनांत. पगार बेताचा. पण कंपनी नोकरांना आशियातल्या बंदरांत खासगी व्यापार करू देई, आणि त्या वाटेनं पुष्कळ कारकून व्यापारी झाले. काहींना त्यासाठी पैसा पुरवणारे सावकार इथलेच होते. द्युप्लेचे दुभाषी आनंद रंग पिळ्ळै १७३६ पासून पंचवीस वर्षं तामिळमध्ये रोजनिशी लिहीत होते. तिच्या इंग्रजी भाषांतराचेच बारा खंड झाले. त्यात आपलं आडनाव दिसलं की वंशजाला आनंद होतो. तो सहसा मजकूर वाचेपर्यंत टिकतो.

पण खरी गंमत बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्यांत आहे. वसाहतींत हवा वाईट, कीड भारी आणि लढाया तर नेहमीच्या, म्हणून १७७६ मध्ये राजाज्ञा निघाली की प्रत्येक नोंदीची एक प्रत व्हर्सायला पाठवावी. त्या वह्या आता एक्स-आं-प्रोव्हांसच्या दफ्तरखान्यात आहेत आणि घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. पाँडिचेरीच्या वाळवीवर एका सरकारनं केलेली ही मात मला तरी फ्रेंचांच्या हिंदुस्थानातल्या बऱ्याच लढायांपेक्षा यशस्वी वाटते.

या वह्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्या नावानंच लिहिलेली असते. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, पाळण्यातलं नावही तांदळात नवं लिहून बदलायची रीत. त्यामुळे आपली खापरपणजी म्हणजे फार तर ‘लक्ष्मीबाई’, पुढे कोरी जागा. फ्रेंच वंशज मात्र व्यापारी आजोबांचा माग काढता काढता आजीपाशी येऊन थबकतो. कारण आजोबा फ्रान्समधल्या सां-मालोचे असले, तरी जहाजातून तिकडच्या बायका फारशा आल्याच नाहीत. लग्नं इथेच लागली. आजीचं आडनाव निघतं डि कास्त्रो नाहीतर डि सूझा. खुद्द द्युप्लेची बायको जान आल्बेर पाँडिचेरीतच जन्मली होती. वडील कंपनीचे शल्यवैद्य, आई पोर्तुगीज-भारतीय घराण्यातली. बाईंना तामिळ येत असे आणि नवऱ्याच्या राजकारणात त्याचा उपयोग होई. म्हणजे द्युप्लेशी घरोबा ही गोष्ट खरी निघाली, तरी त्या घरातली बोलणी सगळी फ्रेंचमध्ये चालत होती असं समजायचं कारण नाही.

हे कळलं की घरातली मंडळी दोन तऱ्हांनी वागतात. म्हातारी माणसं म्हणतात, पाद्र्यानं चुकीचं लिहिलं असेल. तरुण माणसं आरशासमोर जाऊन, आपले केस असे काळेभोर कसे याचा उलगडा झाला म्हणून खूश होतात. खुद्द शोधणाऱ्याला दोन्हींसाठी वेळ नसतो. आजीची आई मद्रासजवळच्या सान थोमे या जुन्या पोर्तुगीज वस्तीतली, तिथल्या जुन्या नोंदी पाहायला हव्यात, आणि फ्रेंच तिथे कामाची नाही. मग तो पोर्तुगीजच्या शिकवणीला नाव घालतो.