कसोटीकाका

आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक पाटी आहे. ‘आवारात क्रिकेट खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ तळमजल्याच्या दोन खिडक्या आणि एका स्कूटरचा आरसा फुटल्यावर सर्वसाधारण सभेत रीतसर ठराव होऊन ती लागली. ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं, ते कसोटीकाकांचं. पेंटरनं पाटीवर ‘क्रिकेट’ एवढंच रंगवलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पोरं फुटबॉल घेऊन खाली उतरली. वॉचमननं पाटी वाचली, पोरांकडे पाहिलं, परत पाटी वाचली आणि तो खुर्चीत जाऊन बसला. युरोपातल्या क्लबांनी भारतात चाहते कसे मिळवले यावर मोठमोठे लेख येत असतात. डोंबिवली पूर्वेला, आमच्या बिल्डिंगीपुरतं, ते काम एका पेंटरनं केलं.

काकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर दिसतं. एरवी लहानथोर त्यांना कसोटीकाकाच म्हणतात आणि तेही त्या नावाला ‘ओ’ देतात. फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात नोकरी, डोंबिवली ते व्हीटी बहुतेक उभ्यानं. ‘अहो, आयुष्यभर रोज दोन तास उभं राहिलेल्या माणसाला पाच दिवस बसून मॅच बघायचा हक्क आहे,’ हे त्यांचं कसोटी क्रिकेटबद्दलचं मूळ तत्त्वज्ञान. साठवलेली रजा त्यांनी लग्नाकार्याला कधी घालवली नाही. १९७५ साली वानखेडेवर पहिली कसोटी झाली, तेव्हा हे तिथे होते. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ काढल्या, त्यातली धाव न् धाव यांच्या वहीत आहे.

ही वही म्हणजे साधी शंभर पानी. पट्टीनं आखलेले रकाने, चेंडूगणिक एक टिंब, धाव निघाली तर आकडा. षटक निर्धाव गेलं की सहा टिंबं जोडून इंग्रजी ‘एम’ काढायचा. तो ‘एम’ काढताना काकांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून जराशी बाहेर येते. पहिल्या श्रावण सोमवारी महादेवाला बेल वाहताना माझ्या आजीच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं, तेच तेव्हा यांच्या चेहऱ्यावर असतं. १९६४ साली मद्रासला बापू नाडकर्णींनी इंग्लंडविरुद्ध ओळीनं २१ षटकं निर्धाव टाकली. ते पृथक्करण काका मंत्रपुष्पांजलीच्या सुरात म्हणतात: बत्तीस, सत्तावीस, पाच, शून्य!

‘म्हणजे काका, तेवढा वेळ काहीच झालं नाही?’ दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं एकदा विचारलं.

‘काहीच नाही!’ काका आनंदानं ओरडले.

त्या मुलाला वाटलं आजोबांना नीट ऐकू आलं नाही.

काकांची खरी गंमत अशी की ज्या गोष्टीच्या मागे ते उभे राहतात, तिला उतरती कळा लागते. पंचाहत्तर साली आपण हॉकीचा विश्वचषक जिंकला म्हणून ते हॉकीच्या प्रेमात पडले. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकचं हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेलं आणि आपण सातवे आलो. संगीत नाटकं, टपाल, पिवळं पोस्टकार्ड, सगळीकडे हेच. काकू म्हणतात, ‘माझ्या मागे कधी उभे राहिले नाहीत, म्हणून मी टिकले.’

आता कुणी म्हणेल, क्रिकेटला कुठे उतरती कळा लागलीय? आयपीएलच्या दिवसांत डोंबिवलीच्या रस्त्यावर रिक्षा मिळत नाही. ते खरं. पण काकांच्या लेखी ते क्रिकेट नव्हे, ‘दूधवाल्याचा हिशोब’ आहे. त्यांचं क्रिकेट कसोटी आणि रणजी. फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्धच्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईच्या तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी दहाव्या आणि अकराव्या क्रमांकावर येऊन दोघांनीही शतकं ठोकली. तुषार कल्याणचा. अकराव्या नंबरवर १२३! असं प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये आधी एकदाच झालं होतं, १९४६ साली ओव्हलवर, चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी. काका ही बातमी घेऊन बाहेर पडले. कल्याणहून येणाऱ्या शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्ध्या मांडीवर टेकून त्यांनी साऱ्या रिक्षाला ऐकवलं, ‘तुमच्या गावच्या पोरानं इतिहास घडवला.’

‘कोण?’

‘तुषार देशपांडे!’

‘तो चेन्नईचा?’ ड्रायव्हर म्हणाला.

काका पुढच्या सिग्नलला उतरले. घरी आले ते गप्पच. मला वाटलं रिक्षावाल्यामुळे. तर नाही. त्या जोडीनं शेवटच्या विकेटसाठी २३२ जोडल्या आणि रणजीचा विक्रम २३३चा. ‘एक धाव हो, एक!’ रात्री दहा वाजता ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले.

पुढच्याच महिन्यात वानखेडेवर मुंबई-विदर्भ अंतिम सामना. सत्तरी ओलांडलेला हा माणूस पाचही दिवस डबा बांधून गेला. मुंबईनं बेचाळिसाव्यांदा रणजी जिंकली आणि करंडक उचलला तो अजिंक्य रहाणेनं. तो डोंबिवलीत वाढलेला, इथेच मॅटिंगच्या विकेटवर शिकलेला. लहानपणी त्याला पाठीवर किट घेऊन जाताना पाहिल्याचं डोंबिवलीतला दर तिसरा माणूस सांगतो. सगळ्यांचं खरं मानलं तर तो मुलगा फक्त चालतच असणार, खेळला कधी कोण जाणे. नेमक्या त्याच दिवसांत ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची, दहा षटकांची, दिव्यांच्या लखलखाटातली लीग चालू होती. ‘परतताना अर्धा डबा ठाण्याला उतरत होता, त्या दहा ओव्हरींसाठी,’ काका कळवळून सांगत होते. ठाण्याला अर्धा डबा रोजच उतरतो, हे मी बोललो नाही. दुःखात असलेल्या माणसाला वेळापत्रक दाखवू नये.

या सगळ्याच्या आधी, २०२३ च्या उन्हाळ्यात, काका सहा महिन्यांसाठी लेकीकडे न्यू जर्सीत एडिसनला गेले होते. ओक ट्री रोडवर वडापाव मिळतो, थालीपीठाची भाजणी मिळते, पण दुपार काढायची कशी हा प्रश्न होता. जावयानं त्यांना ब्रिजवॉटरला बेसबॉल बघायला नेलं. तिथे शेजारच्या खुर्चीत त्यांच्याच वयाचा एक अमेरिकन म्हातारा मांडीवर वही घेऊन पेन्सिलीनं रकाने भरत बसला होता.

काका सांगतात, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचे दोन तास दोघं एकमेकांशी बोलले नसतील दहा वाक्यं. पण फलंदाज तीन स्ट्राइकमध्ये बाद झाला की ‘के’ लिहायचा, आणि बॅट न हलवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा लिहायचा, एवढं काकांना कळलं. ‘बघत राहून बाद झालेल्यासाठी वेगळी खूण! केवढी संस्कृती आहे ही!’ बेसबॉलचा धावफलक रुळवणारा हेन्री चॅडविक हा मूळचा क्रिकेटचा बातमीदार, आणि बेसबॉलची मोहिनी त्याला पडली ती न्यू जर्सीतच, होबोकेनच्या मैदानावर, हे तर काका आता सत्यनारायणाच्या कथेसारखं सांगतात.

झालं. काका बेसबॉलच्या मागे उभे राहिले. आणि जावयानं त्यांना हळूच सांगितलं की ह्या खेळाचं इकडे काही खरं नाही. गॅलपच्या पाहणीत १९४८ साली शंभरातल्या ३९ अमेरिकनांचा आवडता खेळ बेसबॉल होता, २०१७ मध्ये ९ जणांचा, आणि सॉकर सातावर येऊन टेकला होता. १९९४ साली अमेरिकेत फुटबॉलचा विश्वचषक भरला, आणि त्याच वर्षी खेळाडूंच्या संपामुळे बेसबॉलची वर्ल्ड सिरीजच रद्द झाली. म्हणजे पाहुणा जेवून तृप्त आणि घरचा रुसून उपाशी. लोकांना वेळ नाही म्हणून शेवटी २०२३ पासून मैदानात घड्याळ बसवलं: बेस मोकळे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. तीन तासांवर जाणारा सामना दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास आला.

‘पंधरा सेकंद!’ काका अजून हादरलेले आहेत. ‘गावसकरला नुसते ग्लोव्ह्ज नीट करायला तेवढे लागायचे.’

तसं पाहिलं तर ही सगळी सासू-सुनेची गोष्ट आहे. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना १८४४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. अमेरिकनांना तो खेळ फार लांबायला लागला, मग बेसबॉल नावाची चटपटीत सून आली आणि तिनं क्रिकेटला माजघरात बसवलं. आता तीच बेसबॉलबाई ‘हल्लीच्या मुलांना दम म्हणून नाही’ असं म्हणत पाय चोळत बसली आहे. काकांची नात सॉकर खेळते. शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या, संत्र्याच्या फोडी आणि आजोबा गाडीत घालून तिला मैदानावर नेतात. तिथे मुलींचं सॉकर जोरात आहे, आणि असणारच, त्यांच्या बायकांच्या संघानं चार विश्वचषक जिंकलेत. काका खुर्चीत बसून वही उघडायचे आणि तासाभरानं कोरीच मिटायचे.

इकडे आमच्याकडेही आता तेच. आमच्या मध्य रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर फुटबॉल आधी चौथ्या सीटवर टेकला, ‘जरा सरका’ म्हणत म्हणत. आता तो खिडकीकडे बघतोय. मोकळं मैदान उरलं कुठे? भागशाळा मैदानावर रविवारी एकाच वेळी इतक्या मॅच चालतात की एकाचा मिडऑन दुसऱ्याचा स्लिप असतो. त्यामुळे पोरं जातात टर्फवर. जाळीचा पिंजरा, हिरवा गालिचा, तासाचे पैसे दहा जणांत वाटून. त्या तासात दोन्ही संघांची फलंदाजी उरकायची तर निम्म्या पोरांच्या हाती बॅटच येत नाही. फुटबॉलमध्ये मात्र शिट्टी वाजल्यापासून सगळेच खेळतात, ज्याला काही येत नाही तो गोलकीपर. शनिवारी संध्याकाळपासून इंग्लंडच्या मॅच लागतात, आठवडाभर ऐरोलीला राबून आलेल्या पोराला ती वेळ सोयीची. नव्वद मिनिटं, मध्ये जाहिरात नाही, रविवारची झोप शाबूत. माझाच मुलगा लिव्हरपूलच्या कुठल्याशा हरण्यानं दोन दिवस जेवला नाही. लिव्हरपूल नकाशावर कुठे आहे हे त्याला विचारलं तर म्हणाला, ‘आठव्या नंबरवर.’

आता एक रात्र सांगायची राहिली. मी ती मुद्दाम मागे ठेवली होती.

१८ डिसेंबर २०२२. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला काका पेढ्यांचा पुडा घेऊन खाली आले. चितगावला बांगलादेशविरुद्धची कसोटी आपण पाचव्या दिवशी सकाळीच १८८ धावांनी जिंकली होती. फाटकाशी अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीतली सहा-सात पोरं प्रोजेक्टरची वायर सोडवत उभी होती. काकांनी पुडा पुढे केला.

‘काका, आत्ताच नका वाटू,’ एक जण घाबरून म्हणाला. ‘मॅच रात्री आहे. नजर लागेल!’

काका ते पेढे घेऊन घरी गेले. पण रात्री साडेआठला गच्चीवर आले, वही-पेन्सिल घेऊन. पांढऱ्या चादरीवर फ्रान्स आणि अर्जेंटिना पळत होते, आणि काका बॅटरीच्या उजेडात नोंद करत होते. २३, मेस्सी. ३६, दी मारिया. मग पानभर शांतता. ‘ह्यात टिंब कुठे द्यायचं?’ त्यांनी मला विचारलं. ८० आणि ८१, एम्बापे. तेवढ्यात गच्चीवर कुणाचा तरी चहा सांडला. १०८, मेस्सी. ११८, एम्बापे. दोन तासांच्या वर खेळ आणि सहा ओळी. काकांनी वही मला दाखवली, जशी रेशनवर कमी मिळालेली साखर दाखवावी.

मग पेनल्टी लागल्या.

एक माणूस मध्यापासून एकटा चालत येतो. चेंडू ठेवतो. परत उचलतो, परत ठेवतो. गोलकीपर रेषेवर हातवारे करतो. पंच मध्ये पडतो. सगळं जग थांबलेलं, आणि काहीच होत नाही.

काका खुर्चीच्या टोकावर सरकले होते. ‘बोलू नका रे कुणी!’ ते पोरांवर खेकसले. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली. त्यांनी रकाने आखले, एकीकडे फ्रान्स, एकीकडे अर्जेंटिना. कोमानचा फटका अडला, त्यांनी ठसठशीत टिंब दिलं. त्यानंतरच्या फ्रेंच पोरानं चेंडू खांबाबाहेर मारला, तिथे ‘वाइड’ लिहिलं. मॉन्टिएलचा गोल झाला, ४-२, आणि गच्चीवर जो काही धिंगाणा झाला त्यात काका उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडत होते. सकाळचे पेढे त्यांच्या पिशवीतच होते, ते त्यांनी स्वतःच्या हातानं प्रत्येकाच्या तोंडात कोंबले.

साडेअकराला चादर काढत असताना ते माझ्याजवळ आले.

‘हे उत्तम आहे हो,’ ते म्हणाले. ‘पण मग आधी दोन तास ते पळणं कशाला? सरळ इथूनच सुरू करावं की!’

‘म्हणजे काका,’ वायर गुंडाळता गुंडाळता दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा म्हणाला, ‘ट्वेंटी-ट्वेंटी?’

काकांनी पेन्सिल कानावर लावली, वही काखेत मारली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली गेले.